एका विषयाने अडवलेलं वर्ष : डिप्लोमानंतर डिग्रीला गेलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वैजापूर तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. तिला इथे रोहिणी म्हणू. नाव बदललं आहे, आणि गाव, कॉलेज, कंपनी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला शिकवतो. रोहिणी तीन वर्षं आमच्याकडे होती. पुढेही काही अडलं की तिचा फोन यायचा, त्यामुळे बराचसा घटनाक्रम मी जवळून पाहिला. लिहिण्याआधी तिला आणि तिच्या वडिलांना विचारलं आहे.

घरी साडेतीन एकर जमीन. मका, कापूस, आणि विहिरीला पाणी टिकेल तेवढा कांदा. धाकटा भाऊ शाळेत. २०१९ साली रोहिणी चांगल्या मार्कांनी दहावी झाली. अकरावी-बारावी सायन्स करायचं तर शहरात खोली आणि क्लासची फी आली, ती झेपणारी नव्हती. म्हणून सरकारी तंत्रनिकेतन. कमी फी, हॉस्टेल, आणि तीन वर्षांनी हाताला काम मिळण्याची खात्री. मेकॅनिकल तिने स्वतः निवडलं. वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या होत्या.

पहिलं सत्र नीट पार पडलं. दुसऱ्या सत्रात गणिताचा दुसरा पेपर होता : डेरिव्हेटिव्ह, मग इंटिग्रेशन, मग डिफरन्शियल इक्वेशन. डेरिव्हेटिव्ह संपवून इंटिग्रेशनला नुकता हात घातला होता, तेवढ्यात मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. मुलं गावी गेली. रोहिणीच्या घरी एकच स्मार्टफोन, तोही वडिलांच्या खिशात, आणि रेंज मिळायची ती गच्चीवर. त्या उन्हाळ्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा झाल्याच नाहीत. अंतर्गत मूल्यमापनावर सगळे पुढच्या वर्गात गेले. गुणपत्रिकेत गणिताला चांगले मार्क दिसले. इंटिग्रेशन मात्र कोणी शिकलं नव्हतं आणि कोणी तपासलंही नव्हतं. पुढचं सगळं समजायला ही एवढी गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

२०२२ मध्ये डिप्लोमा उत्तम मार्कांनी पूर्ण झाला. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीने कॅम्पसमधून ट्रेनी म्हणून घ्यायची तयारी दाखवली. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या व्हेंडर कंपन्यांचा पट्टा उभा राहिला. आमच्या मुलांची पहिली नोकरी बहुधा याच पट्ट्यात लागते. पण घरी, गावात, हॉस्टेलवर सगळीकडे एकच बोललं जात होतं, डिप्लोमावाला आयुष्यभर सुपरवायझर राहतो. रोहिणीने डायरेक्ट सेकंड इयरचा, म्हणजे डिप्लोमानंतर थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा फॉर्म भरला आणि संभाजीनगरमधल्या एका खासगी कॉलेजात तिचा नंबर लागला. प्रवेश ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), आणि राजर्षी शाहू शिष्यवृत्तीमुळे शिक्षण शुल्क निम्मं.

अडचण

डिप्लोमावाल्यांचे कॅप राऊंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्या, उशिरा होतात. रोहिणी वर्गात जाऊन बसली तेव्हा सत्र सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, आणि फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म चालू होतं. बारावीहून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर केलेले असतात. डिप्लोमावाले थेट एम-थ्रीला येऊन पडतात. आमच्या मेकॅनिकलच्या डिप्लोमात लाप्लास येतच नाही. रोहिणीच्या बाबतीत तर त्याच्या खालची पायरी, म्हणजे इंटिग्रेशनही नव्हतं.

एम-थ्री राहिला. त्या हिवाळ्यात राहिला, पुढच्या उन्हाळ्यात राहिला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही. बाकीचे विषय ती काढत होती. मशीन डिझाइनमध्ये तर वर्गात वरच्या मुलांत होती. पण तिच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षात प्रवेश नाही. जुलै २०२४ मध्ये निकाल लागला. तिसरं वर्ष पूर्ण पास, एम-थ्री नापास. म्हणजे वायडी, इयर डाऊन. एका पेपरासाठी अख्खं वर्ष घरी.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. तिच्या मैत्रिणी शेवटच्या वर्षात फुकट शिकणार होत्या आणि ही त्या वर्षात नव्हती. हे तिला फार लागलं.

घरची परिस्थितीही ताणलेली होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात ज्यांचा कांदा निघाला त्यांनी मिळेल त्या भावाला विकला. रोहिणीचे वडील, अण्णा, त्यातलेच. पतसंस्थेचे हप्ते थकले होते. वायडीमुळे कॉलेजचं हॉस्टेल सुटलं होतं. आणि मुलगी वर्षभर घरी आहे हे कळताच आत्याने एक स्थळ आणलं.

समोरचे पर्याय

अण्णा आणि रोहिणी दोघं मला भेटायला आले. अण्णा म्हणाले, "सर, वर्ष गेलं ते गेलं. पण लोकांना सांगायचं काय?" ते नेमकं बोलले. वायडी झालेल्या मुलांच्या घरी अभ्यासाची चर्चा होतच नाही, होते ती लपवण्याची. म्हणून आधी एका कागदावर सगळे रस्ते लिहून काढले.

घरी राहून अभ्यास करायचा, हे अण्णांच्या मनात होतं. खर्च शून्य. पण शेतीचं काम, स्वयंपाक, येणारे पाहुणे यात मुलीच्या वाट्याला अभ्यासाचा वेळ किती येतो हे सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या दोन सुट्ट्यांत तो आलाच नव्हता.

शहरात खोली घेऊन एम-थ्रीचा खासगी क्लास लावायचा, हे रोहिणीला हवं होतं. खोलीभाडं, मेस आणि क्लास मिळून पतसंस्थेचं आणखी कर्ज काढावं लागलं असतं. शिवाय तो क्लास लाप्लासपासूनच सुरू होणारा होता.

डिग्री सोडून डिप्लोमावर नोकरी धरायची. याचा विचार मी तिला गंभीरपणे करायला सांगितलं. डिग्री अर्धवट सोडणं म्हणजे हार, असं मी मानत नाही. डिप्लोमावर सुरुवात करून पुढे चांगल्या जागी पोचलेले आमचे विद्यार्थी आहेत. पण डिप्लोमामुळे सुटलेलं पहिलं वर्ष धरून रोहिणीचे आठपैकी सहा सत्रांइतके विषय पदरात होते आणि अडलेला विषय एकच होता. अशा वेळी सोडणं महाग पडतं.

मामांचा सल्ला वेगळा होता, मुक्त विद्यापीठातून बीए आणि पोलीस भरती. रोहिणीने त्याला एका वाक्यात नकार दिला.

उरला शेवटचा रस्ता : वाळूजला नोकरी करत हिवाळी परीक्षेत एम-थ्री काढायचा. इथे एक अट निर्णायक ठरली. शिष्यवृत्तीच्या नियमात अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. एक वर्ष चालतं. म्हणजे हिवाळी २०२४ आणि उन्हाळी २०२५ या दोनच संधी हातात होत्या. त्या हुकल्या तर विषयाबरोबर फीची सवलतही जाणार. हे तोवर त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. कॉलेजच्या कार्यालयातून विचारल्याशिवाय कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा शब्द आईचा होता. त्या भेटीला आल्या नव्हत्या. अण्णांनी घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात बसवली तर रोज पाहुणे येतील. कामाला जाऊ द्या तिला. लग्नाचं पोरगी पास झाल्यावर बघू."

काय केलं

पहिली गोष्ट, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. निकालानंतर मोजक्या दिवसांत अर्ज करावा लागतो आणि शुल्क भरावं लागतं. बहुतेक मुलं ते पुनर्मूल्यांकनासाठी करतात, मार्क वाढतील या आशेने. आम्हाला फक्त पाहायचं होतं की हात कुठे थांबतो.

प्रत पाहून चित्र स्वच्छ झालं. लाप्लासची सूत्रं तिला पाठ होती. पहिल्या दोन ओळी प्रत्येक गणितात बरोबर होत्या. कन्व्होल्यूशन थिअरम तिने नीट मांडला होता, आणि त्यानंतरचं इंटिग्रेशन आलं की तिथे पेन थांबलं होतं. इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये चिन्ह चुकलं होतं, मर्यादा घालताना शून्याची किंमत विसरली होती. तीन वेगवेगळ्या प्रश्नांत हेच. एम-थ्री तिला जमत नव्हता असं नव्हतंच. २०२० च्या उन्हाळ्यात जे शिकवायचं राहून गेलं, ते तिला चार वर्षं अडवत होतं.

म्हणून ठरवलं की पहिले सहा आठवडे एम-थ्रीचं पुस्तक उघडायचं नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या सत्राचं पुस्तक काढायचं. रोहिणीला हे पटत नव्हतं. "सर, पेपर डिसेंबरमध्ये आहे आणि मी डिप्लोमाचं इंटिग्रेशन करत बसू?" तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला तिचीच उत्तरपत्रिका पुन्हा दाखवली. पहाटे दीड तास, रोज ठरावीक गणितं, आणि वहीच्या पानाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर. मी फक्त चुकलेली ओळ लाल करून परत पाठवायचो.

दुसरी गोष्ट नोकरीची. एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा होती, पण कंत्राटदारामार्फत. काम इन्स्पेक्शनचं, कागदावर हुद्दा हेल्परचा. हातात येणारा पगार मात्र जरा जास्त. दुसऱ्या कंपनीत थेट कंपनीच्या रोलवर ट्रेनी म्हणून घ्यायला तयार होते, पगार कमी. घरची ओढाताण पाहता जास्त पगाराकडे मन जाणं साहजिक होतं. रोहिणीने दुसरी धरली. वर्षभराने हातात जो अनुभवाचा दाखला येणार, त्यावर "हेल्पर" लिहिलेलं असेल तर इंजिनिअर म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही, हा विचार. मुलाखतीतच तिने सांगून टाकलं की डिसेंबरमध्ये पेपर आहे, रजा लागेल. नेमणूकपत्रात पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आणि हुद्दा, तिन्ही आहेत ना हे वाचूनच सही केली.

काम बोअरच्या, म्हणजे सुट्या भागातल्या गोल भोकाच्या, तपासणीचं होतं. २५ मिलिमीटरचा बोअर, एच-सेव्हन टॉलरन्स, म्हणजे २५ च्या वर फक्त २१ मायक्रॉनची सूट आणि खाली शून्य. गो-नो गो गेज (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये) लावून पास-नापास सांगणं एवढंच तिच्याकडून अपेक्षित होतं. तिने बोअर गेजने मापं घेऊन वहीत लिहायला सुरुवात केली. काही दिवसांत तिला दिसलं की शिफ्ट पुढे सरकते तसतशी मापं एका बाजूला सरकत जातात. सगळे पीस पास होत होते, पण सरकत होते. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं धातू कापणारं टोक, झिजत होता. ऑपरेटरला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, गो जातोय, नो-गो जात नाही, मग काय अडचण?" सुपरवायझरने मात्र वही पाहिली आणि इन्सर्ट बदलण्याची वेळ अलीकडे घेतली. रिजेक्शन येण्याआधी ते थांबवता येतं, हे तिला वर्गात सांगितलेलं होतं. इथे ते तिच्या हाताखाली घडलं.

दसरा-दिवाळीला दुचाकींची मागणी वाढते आणि सगळ्या व्हेंडरकडे ओव्हरटाइम सुरू होतो. तो दुप्पट दराने मिळतो. रोहिणीने ऑक्टोबरमध्ये तो घेतला, थकलेला हप्ता भरला, आणि अभ्यास पूर्ण बंद पडला. वहीचे फोटो येणं थांबलं. दिवाळीनंतर तिने ओव्हरटाइम बंद केला. सुपरवायझर नाराज झाला, पण नेमणुकीच्या वेळी परीक्षेचं बोलणं झालेलं असल्यामुळे ताणलं नाही. त्या आधीच्या बोलण्याची किंमत तेव्हा कळली.

हिवाळी परीक्षेत एम-थ्री सुटला. मार्क पासिंगच्या थोडेच वर होते.

दुसरा निर्णय

ज्याची मला खरी काळजी होती ती वेळ यानंतर आली. मे २०२५ मध्ये कंपनीने पगार वाढवून कायम ट्रेनी म्हणून ठेवायची तयारी दाखवली. घरात नियमित पैसे यायची सवय झाली होती. भावाच्या अकरावीचा खर्च तीच पाहत होती. कॉलेजला परत जायचं म्हणजे वर्षभर पगार शून्य. अण्णा काहीच बोलेनात, आणि त्यांचं न बोलणं रोहिणीला जास्त जड जात होतं.

यावेळी कागदावर आकडे मांडले. शेवटच्या वर्षाचं शिक्षण शुल्क आता माफ होतं. खंड एकाच वर्षाचा असल्याने सवलत शाबूत होती. नोकरीतले साठवलेले पैसे खोली आणि मेसला सात-आठ महिने पुरत होते. शेवटच्या सत्रात इंटर्नशिप घेण्याची सोय होती, आणि कंपनी तेव्हा पुन्हा घ्यायला तयार होती. म्हणजे खरा रिकामा काळ एका सत्राचा. हे आकडे पाहिल्यावर अण्णाच म्हणाले, "मग जा."

जुलै २०२५ मध्ये ती शेवटच्या वर्षाला बसली. वर्गातली मुलं एक वर्षाने लहान होती. पहिले काही दिवस ती मागच्या बाकावर एकटी बसायची, असं तिने नंतर सांगितलं.

काय झालं

कॅम्पसला आलेल्या पहिल्या कंपनीच्या फॉर्ममध्ये "शिक्षणात खंड नसावा" अशी अट होती. रोहिणीचा अर्ज तिथेच बाद झाला. मुलाखतीपर्यंतही जाता आलं नाही. दुसरी कंपनी सुट्या भागांची होती, तिथे अशी अट नव्हती. रेझ्युमेमध्ये तिने वायडी झाकली नव्हती. "२०२४-२५ : क्वालिटी ट्रेनी, वाळूज" एवढी ओळ त्या वर्षासमोर होती. मुलाखत जवळपास सगळी त्या ओळीवर झाली. बोअर कसा मोजतेस, मापं सरकताना दिसली तर आधी काय तपासशील, ऑपरेटर ऐकत नसेल तर काय करशील. ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून निवड झाली. रुजू व्हायचं ते अंतिम निकालानंतर.

ही गोष्ट सांगताना लोक चटकन म्हणतात, "बघा, वायडी झाली म्हणून भलं झालं." मला ते मान्य नाही. नोकरीने तिला इंटिग्रेशन शिकवलं नाही, ते पहाटेच्या दीड तासाने शिकवलं. आणि ते काम करायला वर्ष लागलं नसतं. तिच्या घराने त्या वर्षाची किंमत मोजली आहे. शिवाय सगळ्यांच्या नशिबी वाळूजपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरचं गाव नसतं. असंच प्रकरण हिंगोलीच्या आतल्या गावात घडलं असतं, तर नोकरीचा रस्ता कागदावर आलाही नसता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, छायांकित प्रत पहिल्या नापासीनंतर, २०२३ च्या सुरुवातीलाच मागवायला हवी होती. मुलं "अभ्यास कमी पडला" म्हणतात, पालक तेच धरतात, शिक्षकही. आणि पुढच्या परीक्षेला तीच सूत्रं पुन्हा पाठ होतात. उत्तरपत्रिका समोर ठेवली तर अर्ध्या तासात कळतं की चूक या पेपरातली आहे की मागच्या एखाद्या.

कॉलेजच्या बाजूने, प्रत्येक वर्गाला गार्डियन फॅकल्टी, म्हणजे मुलांकडे लक्ष ठेवणारे शिक्षक, नेमलेले असतात. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर कोणाकडे दुसऱ्या वर्षाचा विषय अडकलेला आहे याची यादी त्यांच्यासमोर असते. वायडी निकालाच्या दिवशी आकाशातून पडत नाही, ती सहा महिने आधी दिसत असते. त्या यादीतल्या मुलांना तेव्हाच बोलावून दोन गोष्टी सांगता येतात : कोणता विषय कुठे अडला आहे, आणि वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती, हॉस्टेल, परत प्रवेश यांचे नियम काय आहेत. दुसरी गोष्ट एका पानात मावते.

शैक्षणिक खंडाच्या अटीबद्दल कंपन्यांशी बोलणं हे प्लेसमेंट विभागाचं काम आहे. ज्या वर्षात उमेदवाराने त्यांच्याच क्षेत्रात पगारी काम केलं, त्याला खंड म्हणायचं का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. काही कंपन्या ऐकतात.

घराने नोकरीचा कागद नीट वाचला, हे या प्रकरणातलं फार चांगलं पाऊल होतं. ओव्हरटाइमचा निर्णय मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आकडा ठरवून घ्यायला हवा होता : हप्त्यापुरता घ्यायचा आणि थांबायचं.

आणि आमच्या, डिप्लोमाच्या बाजूचं. जूनमध्ये आमचा निकाल लागतो. डायरेक्ट सेकंड इयरचे वर्ग त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी भरतात, कधी त्याहून उशिरा. त्या मधल्या काळात मुलं कॅप राऊंडची वाट पाहत घरी बसलेली असतात, आणि तंत्रनिकेतनाच्या वर्गखोल्या रिकाम्या असतात. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, डेफिनिट इंटिग्रल, आंशिक अपूर्णांक, पहिल्या दर्जाची डिफरन्शियल इक्वेशन एवढंच घेतलं तर तीस तासांत होतं. त्याला मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही. गणिताचे एक शिक्षक आणि सकाळचे दोन तास लागतात. मागच्या वर्षी आमच्याकडे हा वर्ग सुरू झाला आहे. फॉर्म भरायला आलेल्या मुलांना तिथूनच हाताला धरून बसवतो. खेड्यावरून रोज येणं ज्यांना परवडत नाही त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हॉस्टेल त्या काळात बंद असतं, आणि ते पंधरा दिवस तरी उघडं ठेवावं यासाठी सध्या आमचा पत्रव्यवहार चालू आहे.